सर्वज्ञ चक्रवर्ती सोमेश्वर : लातूरच्या शिलालेखातील राजा आणि त्याचा चतुरंगाचा पट

गतवर्षी श्रावणातल्या एका सायंकाळी आम्ही आपल्या समाजाच्या विद्यार्थी वसतिगृहाच्या पाहणीसाठी गेलो होतो. एका खोलीत चार मुले बुद्धिबळाच्या पटाभोवती कोंडाळे करून बसलेली आढळली. परीक्षा आठ दिवसांवर येऊन ठेपली होती. आम्ही काही एक न विचारता पट गुंडाळला, मोहरी पिशवीत भरली आणि दोन्ही वस्तू कार्यालयातील कपाटात कुलूपबंद केल्या. मुलांनी तोंडातून अक्षर काढले नाही. त्यांतील सर्वांत धाकटा, निलंगा तालुक्यातून आलेला एका कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, रिकाम्या झालेल्या जागेकडे मात्र बराच वेळ पाहत राहिला. आपण कर्तव्य बजावले अशा समाधानाने आम्ही घरी परतलो.

पुढे या स्मरणिकेसाठी आपल्या भागातील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे असे संपादक मंडळाने सुचविले, आणि लातूरच्या प्राचीन इतिहासाची पुस्तके चाळण्याचा योग आला. त्या वाचनात ज्या पुरुषाशी आमची गाठ पडली, त्याने आम्हांस आमच्या त्या सायंकाळच्या कृत्याचा जाब विचारला असे म्हणावयास हरकत नाही. तो पुरुष म्हणजे कल्याणीचा चालुक्य सम्राट तिसरा सोमेश्वर, बिरुदाने भूलोकमल्ल आणि सर्वज्ञ चक्रवर्ती. त्याचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. परंतु ज्या भूमीवर त्याचे राज्य होते त्या आपल्या नांदेड-लातूरच्या घराघरांतून ते क्वचितच उच्चारले जाते. ही उणीव अल्पांशाने तरी भरून निघावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वंश आणि वारसा

इ. स. ९७३ मध्ये दुसऱ्या तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता उलथून पाडली आणि दक्षिणेत चालुक्यांचे राज्य पुन्हा उभे केले. राष्ट्रकूट हे आपल्याच मातीशी निगडित घराणे. लट्टलूरपुरवराधीश्वर, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे अधिपती, असे बिरुद ते मिरवीत, आणि हे लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर असे अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही त्यांच्या वैभवाचे एक स्थान होते. तैलपाच्या वंशातील पहिला सोमेश्वर याने अकराव्या शतकाच्या मध्यास राजधानी मान्यखेटाहून कल्याणी येथे आणली. हे कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बीदर जिल्ह्याचे बसवकल्याण. निलंग्याच्या पलीकडे राज्याची सीमा ओलांडली की ते फार दूर राहत नाही, आणि इ. स. १९५६ पर्यंत तर आपण व बीदरकर एकाच हैदराबाद राज्याचे रहिवासी होतो.

पहिल्या सोमेश्वराचा पुत्र सहावा विक्रमादित्य याने इ. स. १०७६ पासून ११२६ पर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षे, राज्य केले. त्याने स्वतःच्या नावाने नवा शक सुरू केला. काश्मीराहून आलेल्या बिल्हण कवीने त्याच्यावर विक्रमांकदेवचरित हे काव्य रचले. याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर याच राजाच्या आश्रयास होता. आपल्या कुळांत वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा प्रश्न निघाला, म्हणजे मुलाला जन्मतःच हक्क प्राप्त होतो असे वकील मंडळी सांगत आली; त्या तत्त्वाचे मूळ कल्याणीत लिहिलेल्या या मिताक्षरेत आहे. सारांश, आमचा चरित्रनायक ज्या घरात वाढला तेथे तलवार जितकी घासली जात होती तितकीच लेखणीही झिजत होती.

एवढ्या प्रतापी पित्याच्या पोटी जन्म घेणे हे भाग्य खरे, तसेच ते ओझेही असते. पन्नास वर्षे गाजविलेल्या सिंहासनावर इ. स. ११२६-२७ च्या सुमारास सोमेश्वर आरूढ झाला, आणि ११३८ पर्यंत, म्हणजे अवघी अकरा-बारा वर्षे, त्याने राज्य केले. पित्याविषयीची त्याची भक्ती कृतीत उतरलेली दिसते. विक्रमांकाभ्युदय या नावाने पित्याचे गद्यमय चरित्र त्याने स्वतः संस्कृतात लिहावयास घेतले. ते अपुऱ्या स्थितीतच आज उपलब्ध आहे. स्वतःच्या पराक्रमाची स्तुती भाटांकडून गाऊन घेणारे राजे पुष्कळ झाले. पित्याचे चरित्र स्वहस्ते लिहावयास बसणारा सम्राट विरळा.

लातूरचा दगड

लातूर शहरातील पापविनाशक मंदिरात सापडलेला एक शिलालेख याच सोमेश्वराच्या काळातील आहे. त्याचा शक १०४९, म्हणजे इ. स. ११२७-२८, सोमेश्वराच्या राज्याच्या आरंभीचाच काळ. त्या वेळी लट्टलूर नगरीत पाचशे विद्वान वास्तव्य करून होते असे त्या लेखावरून समजते, आणि नगरीचा संबंध राजा सोमेश्वराशी जोडलेला दिसतो.

पाचशे विद्वान! वाचकांनी या आकड्यापाशी क्षणभर थांबावे. आमच्या पिढीने निजामी राजवटीची अखेर पाहिली नसली तरी तिच्या आठवणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. शिकावयाचे तर हैदराबादेस, पुण्यास किंवा सोलापुरास जावे लागे. आपला मुलूख मागासलेला, येथे विद्येची परंपरा नाही, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले की ते आपणांस खरेच वाटू लागले. लातूरचा दगड त्याविरुद्ध जवळजवळ नऊशे वर्षे साक्ष देत उभा आहे. आपण मात्र देवदर्शनास जाऊन त्याच्या बाजूने नुसतेच निघून येतो. नांदेड जिल्ह्यात देगलूरजवळील होट्टल येथे चालुक्यकालीन सिद्धेश्वराचे मंदिर उभे आहे. त्याच्या भिंतींवरील शिल्पे ज्यांनी पाहिली असतील त्यांना या काळच्या कारागिरांच्या हाताची कल्पना येईल. निलंग्याचे नीलकंठेश्वराचे मंदिरही याच परंपरेतील. या परिसरात कानडी भाषेतील शिलालेख वारंवार सापडतात, याचेही कारण हेच की कल्याणीच्या दरबारची कागदपत्रे कानडीत व संस्कृतात चालत, आणि प्रजा मराठी व कानडी दोन्ही बोले.

राज्याची ओसरती कळा

चरित्रकाराने नायकाच्या दुबळ्या बाजू झाकून ठेवू नयेत. सोमेश्वराच्या कारकीर्दीत साम्राज्याच्या कडा झिजू लागल्या ही गोष्ट इतिहासाने नोंदविली आहे. दक्षिणेस होयसळ वंशाचा विष्णुवर्धन हा नावाचा मांडलिक. परंतु सोमेश्वराच्या पित्याच्या हयातीतच त्याने मान वर केली होती, आणि पुत्राच्या काळात तर त्याने तुंगभद्रेकडील प्रदेशात आपले हातपाय पसरले. पूर्वेस वेंगीचा प्रांत विक्रमादित्याने मोठ्या प्रयासाने मिळविलेला. तो चोळांनी परत घेतला. सोमेश्वराच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षे लोटतात न लोटतात तोच कलचुरी वंशाच्या बिज्जलाने सिंहासन बळकावले. याच बिज्जलाच्या काळी महात्मा बसवेश्वरांचे कार्य कल्याणीत घडून आले. शतक संपता संपता चालुक्यांचे नाव मागे पडले आणि आपला मुलूख देवगिरीच्या यादवांच्या अमलाखाली गेला.

यावरून काही इतिहासकार असा निष्कर्ष काढतात की सोमेश्वर हा ग्रंथांत व विनोदांत रमणारा, शांतताप्रिय, किंबहुना सौम्य वृत्तीचा राजा असल्यामुळे राज्य सैल झाले. या आक्षेपाचा विचार आम्ही पुढे करणार आहोत. आधी तो ग्रंथ कोणता, ते पाहू.

मानसोल्लास

शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९, हे वर्ष या ग्रंथातच ज्योतिषाच्या गणितासाठी आधार म्हणून घेतलेले आहे, आणि त्यावरून ग्रंथाचा काळ निश्चित होतो. ग्रंथाचे नाव मानसोल्लास. दुसरे नाव अभिलषितार्थचिंतामणी, म्हणजे इच्छिलेला विषय हाती देणारा चिंतामणी. सुमारे आठ हजार श्लोकांचा हा संस्कृत ग्रंथ पाच भागांत विभागलेला असून प्रत्येक भागात वीस अध्याय आहेत. म्हणून प्रत्येकास विंशती म्हणतात. दरबारच्या पंडितांचे साहाय्य राजाने घेतले असेल, नव्हे घेतलेच असावे. परंतु संपूर्ण ग्रंथाची मांडणी पाहता एकाच चौकस, व्यवस्थित आणि रसिक मनाची छाप सर्वत्र दिसते.

पहिल्या विंशतीत राज्य कशाने प्राप्त होते ते सांगितले आहे. येथे वाचकास शस्त्रास्त्रांची अपेक्षा असते. परंतु राजा आरंभ करतो तो सत्य बोलणे, कोणाचा द्रोह न करणे, मत्सर टाळणे, अतिथीचा सत्कार, दीन व अनाथ यांचे पोषण, शरण आलेल्याचे रक्षण, अशा गुणांपासून. दुसऱ्या विंशतीत मिळालेले राज्य स्थिर कसे करावे, म्हणजे मंत्री, कोश, दुर्ग, सैन्य, मित्र इत्यादींचा विचार. तिसरीत उपभोग : घर, स्नान, वस्त्र, अलंकार, अन्न. चौथीत विनोद आणि पाचवीत क्रीडा.

आमच्या भगिनींना यातील अन्नाचे प्रकरण विशेष रुचेल. मांडे, वडे, घारगे यांची पूर्वज पक्वान्ने तेथे कृतीसह दिलेली आहेत. नुसत्या उडदाच्या पिठाची इडलीही आहे. त्याहून हृद्य अशी एक नोंद संगीताच्या प्रकरणात सापडते. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असे हा कल्याणीचा सम्राट नोंदवून ठेवतो. ज्ञानेश्वरांच्या आधी सुमारे दीडशे वर्षे, उखळाशी उभ्या असलेल्या एखाद्या अनामिक मराठी बाईचा आवाज राजवाड्यापर्यंत पोहोचला आणि संस्कृत ग्रंथात शिरला. ज्याच्या कानास हा आवाज तुच्छ वाटला नाही, त्यास सर्वज्ञ म्हणण्यात दरबारी अतिशयोक्ती असेलही, परंतु त्याची चौकसपणाची वृत्ती निःसंशय खरी होती.

चतुरंगाचे प्रकरण

पाचव्या विंशतीत वीस क्रीडा वर्णिल्या आहेत. वनक्रीडा, झोपाळ्यावरील आंदोलनक्रीडा, जलक्रीडा, वाळूतील खेळ, चांदण्यातील खेळ, शेतातील हुरड्याच्या दिवसांची आठवण करून देणारी सस्यक्रीडा, कोडी घालण्याची प्रहेलिका; आणि त्यांच्याच जोडीस चतुरंग, म्हणजे आपले बुद्धिबळ. त्यानंतर फासे आणि कवड्या यांचे खेळ येतात. चतुरंगास राजाने सुमारे चौसष्ट श्लोक दिले आहेत. पटावरील घरेही चौसष्टच. हा योगायोग असो वा योजना, वाचताना मौज वाटल्यावाचून राहत नाही.

बुद्धिबळाचा उल्लेख संस्कृतात याहून जुना आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात अष्टापदाच्या पटावरील चतुरंगाचा निर्देश केला आहे. अकराव्या शतकात अल्बेरूनीने पंजाबकडे फासे टाकून चौघांनी खेळावयाचा प्रकार पाहिला. परंतु उल्लेख निराळा आणि शास्त्र म्हणून केलेली मांडणी निराळी. सोमेश्वर पट सांगतो, सैन्य सांगतो, कोणाची चाल कशी ते सांगतो. आणि घोड्याची ती प्रसिद्ध फेरीही देतो, जिच्यात घोडा आपल्या अडीच घरांच्या उड्या मारीत एकाही घरावर दुसऱ्यांदा न बसता चौसष्ट घरे फिरून येतो. ज्यांनी हा प्रयत्न कागदावर केला असेल त्यांना ठाऊक आहे की पहिली चाळीस घरे हसतखेळत होतात आणि शेवटची चार-पाच राहून जातात. कारण कोपऱ्यातील घरास शिरावयास आणि निघावयास मिळून दोनच वाटा असतात, व त्यांतील एक आपण आधीच वापरून टाकलेली असते. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने हाच विषय काव्यातील तुरगपद नामक चित्रबंधात घेतला होता. पुढे सतराव्या शतकात, पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टाने आपल्या नीतिमयूख ग्रंथात अशी फेरी दिली, जिच्यात घोडा शेवटच्या घरावरून पुन्हा पहिल्या घरावर उडी घेऊ शकतो. युरोपात ऑयलर या गणितज्ञाने या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास इ. स. १७५९ मध्ये केला. कल्याणी आणि पैठण ही दोन्ही नावे या मालिकेत आहेत, हे गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यातील आपणां लोकांस विसरण्याचे कारण नाही.

एवढे असूनही या प्रकरणाकडे जगाचे लक्ष फार उशिरा गेले. मरे या इंग्रज पंडिताने इ. स. १९१३ मध्ये बुद्धिबळाचा प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला, त्यात मानसोल्लासाच्या या श्लोकांचा समावेश होऊ शकला नाही. कारण ग्रंथ तेव्हा हस्तलिखितांतच होता. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांच्या संपादनाने त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये, दुसरा १९३९ मध्ये आणि तिसरा १९६१ मध्ये निघाला. चतुरंगाच्या श्लोकांचा स्वतंत्र व बारकाईचा अभ्यास तर त्यानंतर तीन दशकांनी एका जर्मन पंडिताने केला. आमच्या अंगणातील विहीर दुसऱ्याने येऊन उपसावी, अशातलाच हा प्रकार झाला.

डावाचा आरंभ

आता त्या खेळाच्या आरंभाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यातच आपल्या देशी बुद्धिबळाचे वैशिष्ट्य आहे. जुन्या चतुरंगात वजिराच्या जागी मंत्री असे, आणि त्या काळच्या खेळात तो सामान्यतः तिरपा एकच घर चाले. आजचा वजीर, जो पटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास धावतो, तो युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस आला आणि तेथून आपल्याकडे परतला. आपल्या देशी रीतीत प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर पुढे सरके. किल्लेकोट नसे, त्याऐवजी राजास एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. आणि सर्व मोहरी मारली जाऊन राजा एकटा उरला की बुर्जी होई. आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत पाराच्या कट्ट्यावर आणि वाड्याच्या ओसरीवर हाच खेळ चाले.

प्यादे एकेक घर सरकते म्हटल्यावर चकमक लवकर घडत नाही. खेळणारा आधी आपली सेना नीट लावून घेतो, राजा सुरक्षित करतो, उंट कोपऱ्याकडच्या कर्णावर दडवून ठेवतो आणि शत्रूस मध्यभागी पुढे येऊ देतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात महेशचंद्र बंदोपाध्याय हे कॉक्रेन नावाच्या इंग्रज बॅरिस्टराशी अनेक डाव खेळले, तेव्हा त्यांनी युरोपीय नियम पाळूनही आरंभ याच देशी धाटणीने केला. त्या काळच्या युरोपीयांस ही पद्धत विचित्र वाटली. पुढे विसाव्या शतकात याच धाटणीच्या आरंभांस सर्व जगाने भारतीय बचाव असे नाव दिले, आणि आज ते मोठमोठ्या स्पर्धांतून नित्य खेळले जातात.

याचा एक संस्मरणीय प्रसंग इ. स. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज येथील स्पर्धेत घडला. पंजाबातील मीर सुलतान खान, एका जमीनदार सरदाराच्या पदरी असलेला गरीब मनुष्य, देशी नियमांवर वाढलेला, पांढरी मोहरी घेऊन बसला होता. समोर क्यूबाचा कापाब्लांका, जो १९२१ ते १९२७ जगज्जेता होता. पांढऱ्याने प्रथम घोडा काढला, काळ्यानेही घोडा काढला. पांढऱ्याने वजिरापुढील प्यादे दोन घरे सरकविले. आणि कापाब्लांकाने वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे एकच घर सरकवून त्या मोकळ्या जागी उंट बसविला. म्हणजे जगज्जेत्याने भारतीयासमोर भारतीय बचावच मांडला! डाव रंगला. सुलतान खानाने आपला वजीर देऊन शत्रूचे दोन्ही हत्ती घेतले, आणि मग घाई न करता, एकेक घर आवळीत, ६५ व्या खेळीस विजय मिळविला. स्पर्धेत त्याचा तिसरा क्रमांक आला. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षे तो ब्रिटनचा विजेता झाला. मायदेशी परतल्यावर मात्र त्या मोठ्या पटापासून तो दूरच राहिला आणि १९६६ मध्ये सरगोध्यास वारला. जागतिक संघटनेने त्यास ग्रँडमास्टरचा सन्मान दिला तो २०२४ मध्ये, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. धन्याच्या मर्जीवर ज्याची विद्या अवलंबून असते त्याची कशी परवड होते, हे येथे दिसते. सोमेश्वराच्या ग्रंथातील खेळ राजवाड्यातला होता; सुलतान खानाच्या हातातील खेळ गरिबाचा होता. पट एकच.

दोष कोणाचा

आता मागे ठेवलेल्या आक्षेपाकडे वळू. विनोदात रमल्यामुळे सोमेश्वराचे राज्य सैल झाले काय? आम्हांस तसे वाटत नाही. होयसळांनी डोके वर काढले ते विक्रमादित्याच्या, म्हणजे त्या रणधुरंधराच्या, काळातच. साम्राज्याची रचनाच अशी होती की प्रांतोप्रांती वंशपरंपरेचे मांडलिक, त्यांचे स्वतःचे सैन्य, स्वतःचा कोश; मध्यवर्ती सत्तेस थकवा आला की ते स्वतंत्र होणार. पन्नास वर्षांच्या युद्धांनी कोणते राज्य थकणार नाही? सोमेश्वराने दुसऱ्या विंशतीत मंत्री, कोश आणि दुर्ग यांविषयी जे लिहिले त्यावरून राज्याची ही कमजोरी त्यास ठाऊक नव्हती असेही म्हणवत नाही. परंतु पटावरील प्यादे फितूर होत नाही. राज्यातील मांडलिक होतो. ज्ञान असणे आणि ते अमलात आणण्याइतके बळ व आयुष्य हाती असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. राजा म्हणून त्याचे यश मध्यम प्रतीचे होते, हे आम्ही मान्य करतो.

परंतु हिशेब पुरा मांडावयाचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. विक्रमादित्याने जिंकलेले प्रांत आज कोणाकडे आहेत? वेंगी गेली, बनवासी गेली, होयसळ गेले, चोळही गेले. कल्याणीच्या त्या काळच्या राजवाड्याचा मागमूसही आज धड लागत नाही. उरला तो लातूरचा दगड आणि आठ हजार श्लोकांचा ग्रंथ. ज्यातून आपणांस आपल्या पूर्वजांचे अन्न, वस्त्र, गाणे आणि खेळ कळतात. त्याचा पुत्र दुसरा जगदेकमल्ल यानेही पित्याच्या पावलावर पाऊल ठेवून संगीतचूडामणी हा ग्रंथ लिहिला. तीन पिढ्यांचा वारसा तलवारीने जेवढा टिकला त्याहून लेखणीने अधिक टिकला.

आणखी एक गोष्ट आमच्या मनास विशेष लागली. सोमेश्वराने क्रीडेस राज्यकारभाराच्याच ग्रंथात जागा दिली. सत्य, दान, कोश, दुर्ग यांच्या पंक्तीस त्याने झोपाळा, कोडे आणि चतुरंग बसविले. प्रत्येकाचा क्रम ठरविला, मर्यादा ठरविली. पण कोणासही पंक्तीबाहेर घातले नाही. आणि आम्ही? आम्ही पट कपाटात बंद केला.

या लेखाची टिपणे संपली त्या दिवशी आम्ही वसतिगृहात गेलो आणि तो पट परत केला. क्षमा मागितली असे लिहिले तर ते खोटे होईल. वडीलधाऱ्यांस ते जमत नाही. पट नुसताच समोर ठेवला. त्या निलंग्याकडच्या मुलाने तो उलगडला, मोहरी एकेक करून मांडली. परंतु आरंभाच्या जागी नव्हे. कित्येक आठवड्यांपूर्वी आम्ही मोडलेला तोच अपुरा डाव त्याने स्मरणाने जसाच्या तसा लावला, आणि खेळी काळ्याची आहे असे समोरच्या मुलास सांगितले. आम्ही दाराशी उभे राहून तो डाव शेवटपर्यंत पाहिला.

याच महाराष्ट्रातील नागपूरच्या दिव्या देशमुख या कन्येने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, ही वार्ता आपण सर्वांनी कौतुकाने वाचली. ते कौतुक योग्यच आहे. परंतु कौतुक दूरच्यांचे आणि धाक घरच्यांना, ही रीत आता आपण सोडली पाहिजे. प्रत्येक मुलगा विश्वविजेता होणार नाही. त्याची गरजही नाही. पण एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलापाशी मोडलेला डाव मनात जपून ठेवण्याची शक्ती आहे, हे आपणांस पट जप्त केल्यावर कळावे, ही नामुष्की आपल्या पदरी पुन्हा येऊ नये.

म्हणून ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे दोन नम्र सूचना ठेवून हा लेख पुरा करतो. आपल्या वसतिगृहाच्या ग्रंथालयात मानसोल्लासाचे तिन्ही खंड यावेत, आणि ज्या कुटुंबांस शक्य असेल त्यांनी त्यासाठी हातभार लावावा. दुसरे असे की पुढील वर्षीच्या सहलीत मुलांना लातूरचे पापविनाशक मंदिर, निलंगा व होट्टल दाखवून आणावे, आणि जमल्यास सीमेपलीकडे बसवकल्याणासही न्यावे. शिलालेखाचे अक्षर मुलांना वाचता येणार नाही; परंतु ते काय आहे हे त्यांना सांगणारा कोणी तरी वडीलधारा शेजारी उभा असावा. एवढे झाले तरी सर्वज्ञ चक्रवर्ती भूलोकमल्ल सोमेश्वराचे स्मरण आपण योग्य रीतीने केले असे होईल.